नवीन शस्त्र चालेल का फुसकं निघेल, सैन्य ठरवतं कसं?

बोरिवलीकर:
ड्रोनचे व्हिडिओ बघून आमच्या ग्रुपवर रोज भांडणं, म्हणे रणगाडे भंगारात काढा. पण युद्ध चालू नाही, पैसे मोजके, अशात नव्या गोष्टीवर डाव लावायचा का नाही हे ठरवतात तरी कसं? जुनं एखादं उदाहरण आहे का?

दर्यावर्दी:
अमेरिकन नेव्हीचं बघा. 1922 ला त्यांनी एका जुन्या कोळसा वाहणाऱ्या जहाजावर सपाट डेक ठोकला आणि लँगली नाव दिलं, ही त्यांची पहिली विमानवाहू नौका. 1925 ला रीव्ह्ज नावाचा अधिकारी आला, त्याने वैमानिकांपुढे ढीगभर प्रश्न टाकले, उत्तरं कुणाकडेच नाहीत! तेव्हा एक विमान उतरलं की आधी ते लिफ्टने खाली न्यायचं, तोवर बाकीचे वर घिरट्या घालत पेट्रोल जाळतायत. मग डेकवर तारांचा आडवा अडसर आला, उतरलेलं विमान ढकला पुढे, अडसर उभा करा, पुढचं येऊ दे. असं करत करत त्या डबड्यावर डझनभर विमानांची 42 झाली.

खडूस_काका:
एवढी दूरदृष्टी बिष्टी काही नव्हती हो. लेक्सिंग्टन आणि साराटोगा ह्या त्यांच्या पुढच्या दोन नौका बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौका, म्हणून बांधायला घेतलेल्या, युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या 1922 च्या वॉशिंग्टन करारामुळे मोडीत गेल्या असत्या म्हणून विमानवाहू केल्या. वर 8 इंची तोफा पण बसवल्या, विमानं जहाज वाचवतील ह्यावर विश्वास कुठे होता. ह्याला जुगाड म्हणतात.

बोरिवलीकर:
पण ब्रिटिश तर ह्यात आधीपासून होते ना काका?

दर्यावर्दी:
होते की, त्यांची आर्गस ही विमानवाहू नौका 1918 चीच. पण त्याच वर्षी नौदलाची विमानं नव्या रॉयल एअर फोर्सकडे गेली ती पूर्णपणे परत मिळायला 1939 उजाडलं, म्हणजे जहाज एकाचं आणि विमान दुसऱ्याचं, मग प्रश्न विचारणार कोण आणि कुणाला? आणि काका, जुगाड तर जुगाड, पण करून तर बघितलं. 1929 च्या सरावात साराटोगाने पहाटे विमानं सोडून पनामा कालव्यावर हल्ला केला, पंचांनी यशस्वी धरला.

खडूस_काका:
आणि त्याच सरावात साराटोगा पण बुडाली असं पंचांनीच धरलं, ते का गाळलंत? दोन्ही बाजूवाले घरी जाऊन म्हणाले असतील, बघा, मी म्हणत नव्हतो!

बोरिवलीकर:
हाहा, आमचाच ग्रुप. त्या तोफांचं काय झालं मग?

खडूस_काका:
पर्ल हार्बर झाल्यावर 1942 ला काढल्या आणि हवाईच्या ओआहू बेटावर किनाऱ्याच्या संरक्षणाला बसवल्या. तोवर चौदा-पंधरा वर्षं वागवल्याच ना डेकवर.