जलवाहिन्यांना पुरातत्त्वाची सरसकट सूट? आधी कायदा वाचा

नहरकाठ
कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, "पाण्याच्या कामांना पुरातत्त्वाच्या परवानगीतून कायमची सूट द्या, घुमटांपायी माणसं तहानलेली ठेवू नका." त्यावर वाहवा सुरू आहे. डोकं उठलं, म्हणून हा वेगळा धागा.

प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित वास्तूपासून १०० मीटर प्रतिबंधित, म्हणजे नवं बांधकाम बंद; पुढचे २०० मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगी घेऊन बांधा. सगळे इथवरच वाचतात. त्याच दुरुस्तीने कलम २ मधल्या बांधकामाच्या व्याख्येतून सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामं वगळली आहेत, गटारं आणि वीजसुद्धा. मागताय ती सूट कायद्यात आहेच! खुद्द संरक्षित जागेत खणायचं असेल तर कलम १९ खाली केंद्राची परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे.

व्हॉल्व्हवाला
कलमं वाचून नळाला पाणी येत नाही. माझी उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. एका जुन्या वेशीजवळ बीडाची लाइन सडली होती. पुरवठा बंद झाला की ती शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढायची आणि सकाळची पहिली घागर काळपट यायची. चर खणायला घेतला तर पुरातत्त्व खात्याचं काम थांबवण्याचं पत्र हजर. मी व्याख्या दाखवली. साहेब म्हणाले, "ते राहू दे, एनओसी आण." दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड लिहिलेला असताना कोण उपअभियंता व्याख्येच्या भरवशावर जेसीबी लावेल? एनओसी येईतो पावसाळा लागला आणि गल्लीत कावीळ पसरली. म्हणून म्हणतो, सूट ठळक अक्षरात द्या.

पेठकर
तुमचं पाण्याचं तरी कुणी ऐकतंय. शनिवारवाड्याच्या १०० मीटरांत आमचा वाडा आहे. तुळईला लोखंडी पाइपांचे टेकू दिलेत, पावसाळ्यात भिंतीची माती परातीने गोळा करतो. पाडून नवं बांधायला मनाई. त्यावर बोला.

तळटीप
@पेठकर, १६ जून १९९२ पूर्वीच्या घराला दुरुस्तीची परवानगी मिळते. अर्ज केलात का?

पेठकर
दुरुस्ती कशाची करू? मातीच्या भिंतीची? भावांनी हिस्से सोडले, भाडेकरू निघून गेले, बँक कर्ज देत नाही. आई जिन्यावरून पडली तेव्हापासून वरचा मजला बंद आहे. दूर बसून वारसा जपा म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा इथे काढावा.

चौकसबाई
पेठकरांचं दुखणं खरं आहे. आमच्या मावशीचं घरही अशाच एका वर्तुळात अडकलंय. पण १०० मीटरांची बंदी उठली की तिथे वाडे उभे राहणार नाहीत, टॉवर उभे राहतील.

पेठकर
मग राहू देत टॉवर! माझ्या आईपेक्षा तुमचं दृश्य मोठं का?

नहरकाठ
पेठकर, वाड्यांसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे तुमच्या बाजूने लिहीन. इथे पाण्याचं बोलू.

व्हॉल्व्हवाले, सूट कुणाच्या हातात पडेल ते पाहा. केंद्राच्या सार्वजनिक कामांना १०० मीटरांच्या आत मोकळीक देणारं विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केलं होतं. राज्यसभेने ते निवड समितीकडे पाठवलं. त्यात नुसत्या जलवाहिन्या नव्हत्या, रस्ते आणि पूलही आले असते. पाण्याचं नाव पुढे करून दार उघडलं की कोण कोण आत शिरतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय नियम वास्तूभोवती वर्तुळ काढतो, जमिनीखालचा वारसा त्या वर्तुळात मावत नाही. संभाजीनगरची मलिक अंबरची नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा जुना कालवा, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात आणलेलं पाणी, हे सगळं कोसच्या कोस पसरलंय. एका चरात मी फुटलेला खापरी नळ पाहिलाय. सांध्यातला चुना शाबूत होता आणि आत पाणी झुळझुळत होतं. ठेकेदाराला वाटलं, आपलीच लाइन फुटली. त्याने सिमेंट ओतून तोंड बुजवलं. नकाशा हातात असता तर दोन हात बाजूने चर नेता आला असता. खर्च तोच आला असता.

व्हॉल्व्हवाला
नकाशा द्या, मग बोला. आम्हाला आमच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या लाइनीचा नकाशा मिळत नाही, तुम्ही चारशे वर्षांपूर्वीचा मागताय. आणि कावीळ झालेल्या पोरांचं काय? त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

नहरकाठ
काढतो. ते पत्र बेकायदा होतं, आणि ते पाठवणाऱ्याला जाब विचारायला हवा होता. मला कायदा सैल करून नको आहे. पुरातत्त्व खात्याने एका पानाचं परिपत्रक काढावं: संरक्षित जागेबाहेरच्या पाण्याच्या लाइनीला परवानगी लागत नाही, फक्त खोदकामाआधी कळवा, आणि जुनं काही लागलं तर त्या दिवशी माणूस पाठवू.

व्हॉल्व्हवाला
त्या दिवशी माणूस येईल, यावर माझा विश्वास नाही. पण कलम २ आत्ता पुन्हा काढून वाचलं, तुम्ही म्हणता तसंच आहे. आमच्या खात्यातल्या पोरांना त्याची प्रत पाठवतो. तरीही काम अडवलं, तर मी सरसकट सूट द्या, असंच लिहीन, आणि तेव्हा मला कलमं सांगू नका.

पेठकर
वाड्यांचा धागा काढलाय. नहरकाठ, शब्द दिलाय तुम्ही, या.