मदत हवी आहे: सर गेले, आता त्यांच्या चित्रांचा भाव वाढतो का? रविवारपर्यंत सांगायचंय

शहापूरचा_पोरगा
आमच्या ड्रॉइंगच्या सरांचं गेल्या महिन्यात निधन झालं. माझ्याकडे त्यांची सहा चित्रं आहेत. कोल्हापूरचा एक माणूस घरी येऊन बघून गेला. सगळी मिळून साठ हजार रोख म्हणतोय, रविवारपर्यंत होय की नाही ते सांगायचंय. चित्रकार गेला की भाव वाढतो असं सगळेच म्हणतात. मग आत्ता देऊन टाकू की थांबू? थांबायचं तर किती वर्षं? लवकर सांगा प्लीज. हॉल रंगवायला काढलाय, चित्रं भिंतीवरून उतरलेलीच आहेत.

खानापूर_रोड
कुठले सर? जलरंग की तैलरंग? साइज? सही आहे का? यातलं काहीच न सांगता भाव विचारताय. काय सांगायचं, कपाळ?

शहापूरचा_पोरगा
नाव टाकत नाही, त्यांच्या घरच्यांना बरं वाटणार नाही. बेळगावात सगळ्यांना माहीत असलेले सर. चित्रं चांगली आहेत, फ्रेमसकट. भाव वाढतो की नाही एवढंच विचारलंय.

गुंतवणूक_गुरू
विकू नका!! चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले. २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं, २०१५ मध्ये दुसरं २९.३ कोटींना. साधं गणित आहे, माणूस गेला की नवीन माल यायचा बंद. पुरवठा बंद, भाव वर. मी तर म्हणतो सरांची अजून दोन-चार मिळाली तर उचला.

तिसरं_रेल्वे_गेट
गुरुजी, पुरवठा बंद झाला हे मान्य, पण मागणी कुठाय? मी मुंबईत गॅलरीत नोकरी केलीय, म्हणून बोलते. गायतोंडेंना पद्मश्री १९७१ ची. चित्रं मोजकीच करायचे, आणि ती घेणारे ठरलेले, जाणकार लोक होते. तरीही ते गेल्यावर त्या २३ कोटींना बारा वर्षं लागली. चित्रकार तैयब मेहतांचं उलटं. त्यांच्या ‘महिषासुर’ या चित्राने २००५ मध्येच दहा लाख डॉलर ओलांडले होते, ते गेले २००९ ला. मरणामुळे बाजार उभा राहत नाही, असलेला बाजार हलतो, इतकंच.

आपल्याकडच्या गावातल्या चित्रकाराचा भाव तो स्वतःच धरून ठेवत असतो. डॉक्टरला वीस हजार, जुन्या विद्यार्थ्याला पाच, लग्नात आहेर म्हणून फुकट. तो गेला की भाव सांगणारंच कुणी उरत नाही. वर पोरं घर रिकामं करताना माळ्यावरचं सगळं एकदम बाहेर काढतात. म्हणून पहिल्या वर्ष-दोन वर्षांत भाव उतरलेलाच मी जास्त वेळा बघितलाय. कुणी नीट कॅटलॉग केला, प्रदर्शन भरवलं, तर पुढे चढतो. नाहीतर नाही.

कुंदा_अनलिमिटेड
सर जाऊन महिना होतोय आणि भाव विचारतोयस? आम्हाला त्यांनी हाताला धरून रेघ मारायला शिकवली. शरम वाटायला पाहिजे.

शहापूरचा_पोरगा
हॉल तुम्ही रंगवून देता काय? आम्हालाही शिकवलंय त्यांनी.

सीमावासी_७७
मुळात या भागातल्या मराठी कलावंताची किंमत कोण करणार? महाराष्ट्राला आम्ही फक्त निवडणुकीत आठवतो आणि इकडच्या सरकारला आठवतच नाही.

खानापूर_रोड
झालं सुरू. प्रत्येक धाग्यात तेच. चित्रकार रवी परांजपे इथलेच, के. बी. कुलकर्णी सरांचे विद्यार्थी. त्यांची किंमत झालीच की.

सीमावासी_७७
पुण्याला गेल्यावर. माझाच मुद्दा सिद्ध केलात, धन्यवाद.

अनगोळची_मावशी
बाळ, चित्रं उतरवली आहेस तर मागून बघून घे. इकडच्या पावसात कागदावर बुरशी येते, तपकिरी ठिपके पडतात. आमच्या ह्यांनी बटाट्याच्या फोडीने पुसलं तर स्वच्छ झालं होतं. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय लावू नकोस.

चौकट_आणि_काच
मावशी, पाया पडतो, बटाटा सांगू नका कुणाला. जलरंग असला तर रंगच निघून येतो, आणि जो स्टार्च राहतो त्यावर पुढच्या पावसात दुप्पट बुरशी. लॅमिनेशनही करू नका. खडे बाजारात माझ्याकडे महिन्याला एक तरी गिऱ्हाईक लॅमिनेट केलेलं जलरंग घेऊन रडत येतं. काच आणि कागद यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याची, फट पाहिजे, एवढं बघा.

आता मूळ प्रश्नावर. सहाही चित्रांवर सही आहे काय? तो माणूस नेमकं काय काय मागुलालाय, नीट लिहा.

शहापूरचा_पोरगा
चारांवर आहे, दोनांवर नाही. एक आजोबांचं तैलरंगातलं पोर्ट्रेट, ते बाबांनी सांगून करून घेतलेलं. तीन जलरंग, कपिलेश्वर तलाव वगैरे, बाबांनी विकत घेतलेले. पोर्ट्रेटमध्ये त्याला रस नाही, घेतो म्हणाला फक्त. बिनसहीच्या दोनांसाठी जास्त मागे लागलाय. आणि बाबांनी चित्रं घेतली तेव्हाची सरांच्या हातची पावती आहे, ती पण हवी म्हणतो. सरांचे उरलेले कोरे जुने कागद कुठे मिळतील तेही विचारत होता. त्याचा काय संबंध?

चौकट_आणि_काच
अहो तोच तर संबंध! पावतीवर सरांची सही आहे, ती गिरवायला पाहिजे. बिनसहीच्या चित्रावर सही आली की ते सहीचं झालं. आणि जुना कागद मिळाला की त्यावर नवीन ‘जुनी’ चित्रं. माणूस हयात असेपर्यंत कुणीही विचारू शकतो, सर, हे तुमचंच काय? आता कुणाला विचारणार? पावती देऊ नका. फोटोसुद्धा काढू देऊ नका.

तिसरं_रेल्वे_गेट
शंभर टक्के सहमत. आणि अशी दहा खोटी बाजारात आली की खऱ्या चारांनाही कुणी हात लावत नाही. पावती ही तुमच्या जलरंगांची अर्धी किंमत समजा. पण ती दोन तुमच्याकडे आली कशी ते लिहिलं नाहीत.

शहापूरचा_पोरगा
प्रदर्शनानंतर सरांनी आमच्याकडे ठेवली होती, त्यांच्या घरी जागा नव्हती. नंतर नेलीच नाहीत. इतकी वर्षं आम्हीच सांभाळलीत.

वकील_नाही_पण
मग ती दोन तुमची नाहीत. ठेवायला दिलेली वस्तू वारसांची, तुम्ही कितीही सांभाळा. तीन जलरंग विकायला हरकत नाही, पण चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. तो वारसांकडे, सरांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्या माणसाने उद्या कॅलेंडर छापलं तर तो गोत्यात. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. मूळ चित्र १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर वारसांना वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. सहसा कुणी मागत नाही, पण आहे. पोर्ट्रेट पैसे देऊन करून घेतलेलं, तसा वेगळा करार नसेल तर त्याचा कॉपीराइटही तुमच्याच घरचा.

गुंतवणूक_गुरू
पण परदेशात पाठवता येणार नाही. १९७२ चा कायदा आहे, चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत.

तिसरं_रेल्वे_गेट
परदेशाचं कुणी विचारलं? आणि ते रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा ठरावीक नऊ जणांसाठी, शिवाय शंभर वर्षांहून जुन्या चित्रांसाठी. ड्रॉइंगच्या सरांना कोण अडवतंय.

कुंदा_अनलिमिटेड
सरांच्या मुलीला फोन लाव. ती पुण्याला असते.

शहापूरचा_पोरगा
लावला. पुढच्या आठवड्यात येऊन दोन्ही घेऊन जाते म्हणाली. सगळ्या चित्रांचे फोटो गोळा करतेय, आमच्या चारांचेही मागितले. त्या माणसाला सांगितलं, तीन जलरंग घ्यायचे तर घ्या, पावती मिळणार नाही. मग म्हणतो तिन्हीचे मिळून नऊ हजार. नाही दिली.

चौकटवाले दादा, एका जलरंगाचा कोपरा काचेला चिकटलाय. तुमच्याकडे आणला तर निघेल काय?

चौकट_आणि_काच
ओढू नका. काचेसकट आणा. सोमवारी दुकान बंद असतंय.