एफपी-१००सीचे खोके भरून ठेवणाऱ्यांना माझा विरोध आहे

मसुंदा (धागाकर्ता, २०१६)
फेब्रुवारी २०१६ संपता संपता फुजीफिल्मने एफपी-१००सी बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही सोलून काढायची इन्स्टंट फिल्म. एका पॅकमध्ये दहा फोटो. क्लिक केलं की कागदी पट्टी ओढायची, दीड-दोन मिनिटं थांबायचं आणि थर सोलायचा. एका हातात प्रिंट, दुसऱ्या हातात चिकट निगेटिव्ह. तिची काळी-पांढरी बहीण एफपी-३०००बी, तिचा निरोप २०१३ मध्येच आला होता. पोलरॉइडचे जुने लँड कॅमेरे आणि मामियाच्या कॅमेऱ्याला मागून लावायची पोलरॉइड बॅक आता उपाशी राहणार.

बातमी आल्यापासून ठाण्या-नवी मुंबईतल्या आपल्या मंडळींत एकच विषय, तुझ्याकडे किती पॅक? एकाने फ्रीजमधला भाजीचा ट्रे रिकामा केलाय. दुसऱ्याने परदेशातल्या भावाला अख्खा खोका आणायला सांगितलाय. गेल्या वर्षभरात या दोघांनी मिळून एक पॅक तरी संपवला असेल का, मला शंका आहे.

दुकानांत अजून माल आहे, तरी भाव चढलाय. तो चढवला कोणी? आपणच. बरं, ही फिल्म म्हणजे काही लोणचं नव्हे, की जितकी मुरेल तितकी बरी. फोटो उमटवणारी आतली पेस्ट सुकत जाते, फोटोच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, रंग ढळतात. डब्यावरच्या मुदतीत संपतील तेवढेच पॅक घ्यावेत, बाकीचे दुसऱ्यासाठी सोडावेत.

निगेटिव्हवाला
वापरणारे वेगळे आणि साठवणारे वेगळे, हे कोणी ठरवलं? मी दोन्ही आहे. नौपाड्यातल्या जुन्या चाळी, दुमजली घरं एकेक करून पुनर्विकासात जातायत. घर सोडणाऱ्यांचे त्यांच्या दारात उभं करून फोटो काढतो. प्रिंट तिथल्या तिथे त्यांना, निगेटिव्ह मला. घरी आल्यावर निगेटिव्हची चित्राची बाजू काचेवर पालथी घालतो, कडा टेपने बंद करतो आणि पाठीवर ब्लीच लावतो. काळा थर निघाला की स्कॅन करण्याजोगं निगेटिव्ह उरतं. एका फोटोत दोघांचा वाटा. फुजीच्याच इन्स्टॅक्स इन्स्टंट फिल्ममध्ये हे करून दाखवा. तिथे सगळं एकाच चौकटीत बंद असतं, आपल्या हाती काही उरत नाही.

आता इमारत कधी रिकामी होणार हे बिल्डर ठरवतो. तो फिल्मच्या डब्यावरची तारीख बघत नाही. मी साठा करू नको तर काय करू?

जुना_स्टुडिओ
तुमची वादावादी वाचून गंमत वाटते. जाहिरातीच्या कामात आम्ही ही फिल्म फक्त प्रकाश बघायला वापरायचो. लाइट लावले, एक पोलरॉइड काढला, क्लायंटला दाखवला. त्याने मान डोलावली की खरा फोटो ट्रान्सपरन्सीवर (स्लाइड फिल्मवर), आणि पोलरॉइड कचऱ्याच्या डब्यात. आज तुम्ही ज्याला बटरशेजारी जागा देता ना, ते आम्ही ढिगाने फेकलंय.

दुसरं मोठं गिऱ्हाईक अर्जंट पासपोर्ट फोटोचं. चार भिंगांचा कॅमेरा, एकदा बटण दाबलं की एका प्रिंटवर चार चेहरे. पहिलं काम डिजिटल कॅमेऱ्याने खाल्लं, दुसरं छोट्या प्रिंटरने. ही दोन कामं गेली तेव्हाच या फिल्मचं भवितव्य ठरलं. तुम्ही छंदवाल्यांनी खोका घेतला काय आणि एक पॅक घेतला काय, कंपनीच्या हिशेबात फरक पडत नाही. तेव्हा "खरेदी करून फिल्म वाचवू" असं कोणी म्हणत असेल तर त्यालाही चहा पाजून घरी पाठवा.

बेलापूरकर
एवढी घबराट कशाला? २००८ मध्ये पोलरॉइडने फिल्म बंद केली तेव्हाही लोक असेच रडले होते. मग नेदरलँड्समधल्या एन्शेडेचा कारखाना इम्पॉसिबल प्रोजेक्टवाल्यांनी हातात घेतला आणि २०१० मध्ये नवी फिल्म बाजारात आणली. इथेही कोणीतरी उभा राहील.

आर्द्रा
बेलापूरकर, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. यंत्रं मिळाली, पण जुनी रसायनं पुरवणारे धंदा गुंडाळून बसले होते. फिल्म जवळजवळ पुन्हा शोधावी लागली. सुरुवातीची त्यांची फिल्म कॅमेऱ्याबाहेर येताच उजेडापासून झाकावी लागायची, इतकी नाजूक. आणि या सगळ्या खटाटोपातही त्यांनी लँड कॅमेऱ्याची पॅकवाली फिल्म केलेलीच नाही. त्या भरवशावर कोणी थांबू नये.

पण साठ्याच्या बाजूनेही मी नाही. कोडॅकची स्लाइड फिल्म कोडॅक्रोम आठवा. २००९ मध्ये बंद झाली. ती धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यात होती, तिने २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं थांबवलं. ज्यांनी रोल जपून ठेवले त्यांच्याकडे आज शोभेचे डबे आहेत.

निगेटिव्हवाला
आर्द्राताई, ही तुलना इथे लागू पडत नाही. कोडॅक्रोमला लॅब लागायची. ही फिल्म आपली लॅब पोटात घेऊन येते, मला कोणाच्या दारात जावं लागत नाही.

आर्द्रा
पोटात लॅब आहे म्हणूनच ती आधी मरते हो! साधा काळा-पांढरा रोल मुदतीनंतर कितीतरी वर्षांनी धुतला तरी काहीतरी दिसतं, कारण डेव्हलपर (फोटो उमटवणारं रसायन) आपण ताजा घेतो. इथे फिल्मसोबत डेव्हलपरही म्हातारा होतो, आणि तो बदलता येत नाही.

ज्यांनी घेतलीच आहे त्यांच्यासाठी: खालच्या कप्प्यात ठेवा, डीप फ्रीझरमध्ये नको. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्रीजमधून काढल्या काढल्या पाकीट फोडू नका. ऐरोलीची जुलैतली हवा तुम्हाला माहीत आहे, गार वस्तूवर क्षणात पाणी धरतं. बंद पाकीट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

खाडीकाठ
फ्रीज कोणाचा आहे हा मुद्दा कोणीच काढला नाही. आमच्या घरी आईने पॅक उचलून सरळ माळ्यावर टाकले. माळा, एप्रिल, वर पत्रा. पुढचं सांगत नाही.

मसुंदा
निगेटिव्हवाला, तुमच्या कामाबद्दल दुमत नाही. माझा राग तुमच्यावर नाहीच. आत्ता पॅक घेऊन सहा महिन्यांनी "दुर्मिळ, सीलबंद" म्हणून तिप्पट भावाला विकायची स्वप्नं बघणाऱ्यांवर आहे. त्यांच्यामुळे तुमच्यासारख्यालाच पुढे जास्त मोजावे लागणार.

निगेटिव्हवाला
मग विरोध साठ्याला कशाला? नफेखोरीला करा. आणि एक सांगा, मी आत्ता पॅक सोडले तर ते एखाद्या गरजू फोटोग्राफरला मिळतील याची खात्री काय? ते त्याच नफेखोराच्या खोक्यात जातील. सोडून देण्यात मला तरी काही मोठेपणा दिसत नाही.

मसुंदा
हे खरं आहे, नाकारत नाही. तरीही मुदतीच्या पलीकडचा साठा मला पटत नाही. तुमच्या चाळीतली आजी हिरवट, अर्धवट उमटलेली प्रिंट भिंतीवर लावणार का?

निगेटिव्हवाला
आजींना विचारून सांगतो. मला वाटतं लावतील. दुसरं कोण त्यांचा फोटो काढून हातात देतंय?

बेलापूरकर
भांडण बाजूला ठेवून कामाचं बोलू. सगळ्यांनी मिळून एकच ऑर्डर द्यायची का? कस्टमचा आणि कुरिअरचा खर्च वाटला जाईल. फक्त लवकर ठरवा. मे महिन्यात पार्सल गोदामात तापत पडलं तर सगळ्यांचाच खेळ खलास.

मसुंदा
चालेल. पण माझी एक अट आहे. वाटप ठाण्यात तलावपाळीवर, आणि येताना कॅमेरा बरोबर आणायचा. ज्याच्याकडे लँड कॅमेरा किंवा बॅक नाही, त्याला पॅक नाही.

खाडीकाठ
माझा कॅमेरा दुरुस्तीला टाकलाय. पावती दाखवली तर चालेल?