किल्ली सापडू दे, अशीही प्रार्थना करायची का?

रविवारचा माणूस:
परवा प्रार्थनासभेत 'विनंत्या सांगा' म्हटल्यावर पहिला हात वर गेला तो लॅपटॉपसाठी. दुरुस्तीचा खर्च कमी यावा म्हणून! मग कुणाची हरवलेली किल्ली, कुणाच्या मुलाचा गणिताचा पेपर. माझ्या शेजारच्या बाईंच्या नवऱ्याला कॅन्सर आहे. त्या शेवटपर्यंत गप्प. बारीकसारीक कटकटी देवापुढे मांडत बसणं म्हणजे त्याला घरगडी समजणं, असं माझं स्पष्ट मत आहे. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशूच म्हणतो, मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. मग ही यादी कशाला?

बोरू:
तुम्ही सांगितलेल्या ओळीनंतर तिसऱ्याच ओळीत 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' आहे, दादा. मागू नका असं तो म्हणत नाही, पाल्हाळ लावू नका म्हणतो. आणि बायबलच्या जुन्या करारातलं '2 राजे' हे पुस्तक, अध्याय 6 काढा. यार्देन नदीकाठी लाकूड तोडताना एकाच्या कुऱ्हाडीचं पातं पाण्यात पडतं. तो हाय खातो, कारण ते उसनं आणलेलं असतं. (उसनी वस्तू हरवली की पोटात कसा गोळा येतो, ते ज्याचं त्याला माहीत.) सोबत असलेला संदेष्टा अलीशा 'एवढ्यासाठी काय' म्हणत नाही. कुठं पडलं विचारतो, लाकडाचा तुकडा तोडून तिथं टाकतो आणि लोखंड तरंगतं.

तिरका प्रश्न:
तो माणूस निदान काम तरी करत होता. आमची बरीचशी प्रार्थना म्हणजे डोळे मिटून केलेली काळजीच असते. स्वतःचंच सांगतो. कर्जाचे हप्ते थकले तेव्हा तीन महिने रोज रात्री प्रार्थना केली, पण बँकेची पाकिटं फोडली नाहीत. 'प्रभूच्या हाती सोपवलंय' म्हणत टेबलावर रचत गेलो. दंड वाढतच होता. बायबलमधल्या यहूदाच्या राजा हिज्कीयानं अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरलं खरं, पण आधी ते वाचलं होतं!

बोरू:
हे मान्य. पण यात चूक न फोडलेल्या पाकिटांची, प्रार्थनेची नव्हे.

तिरका प्रश्न:
प्रार्थनेमुळेच ती न फोडता झोप लागत होती.

मागच्या बाकावरची:
रविवारदादा, मी त्या बाई नाही, पण त्यांच्यासारखीच दोन वर्षं बसलेय. मी गप्प राहायचे ते किल्लीवाल्यांमुळे नाही. 'यांना बरं कर' हे शब्दच तोंडातून फुटत नव्हते. मागितलं आणि नाही मिळालं तर? केमोच्या दिवशी नर्स हात चोळून चोळून शीर शोधायची, तेव्हा मी म्हणायचे, प्रभू, आज एका टोचण्यात सापडू दे. एवढंच. कधी सापडायची, कधी चार वेळा सुई लागायची. पण देवाशी बोलणं टिकलं ते या एवढ्याशा मागण्यांमुळे. नवरा गेला. का, ते मला कुणी इथं समजावू नये.

रविवारचा माणूस:
ताई, 'घरगडी' हा शब्द मागे घेतो. सभेत लॅपटॉप पहिला येऊ नये, हे मात्र अजूनही वाटतं.

बोरू:
बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्र 4:6 मध्ये प्रेषित पौल 'सर्व गोष्टींविषयी' प्रार्थना करा म्हणतो, त्यात लहान-मोठं लावत नाही. तेही तुरुंगातून. त्याच्याच 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला छळणारा त्रास, देवाला तीनदा विनवूनही निघाला नव्हता. म्हणजे मागितलं की मिळतंच, या समजुतीत तो हे लिहीत नाही.

रविवारचा माणूस:
ठीक. पुढच्या वेळी विनंत्या विचारण्याआधी दोन मिनिटं शांत बसू या, असं सुचवणार आहे. ज्याला बोलायला वेळ लागतो, त्याला तेवढी सवड.

तिरका प्रश्न:
आणि लॅपटॉपचं काय झालं?

रविवारचा माणूस:
झाला दुरुस्त. खर्च काही कमी आला नाही म्हणे.