उपाशी राहण्यापेक्षा जास्त खाद्याचा धोका मोठा

आठवडाभर परगावी जाताना घरच्या टाकीतल्या माशांना रोज खाद्य घालायला शेजाऱ्यांना सांगावे, या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. निरोगी, वाढ झालेले मासे सहा-सात दिवस उपाशी राहू शकतात, पण उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया वाढला की ते लवकर दगावतात. गेल्या मे महिन्यात आम्ही कोकणात गेलो असताना राजारामपुरीतल्या आमच्या घरी शेजारच्या काकूंनी मायेने रोज मूठभर खाद्य घातले, आणि परतलो तेव्हा पाणी दुधासारखे झाले होते, दोन गोल्डफिश गेले होते. त्याचे वाईट अजूनही वाटते.

आता मी दिवसाआड एक अशा चिमूटभर खाद्याच्या पुड्या बांधून देतो आणि डबा कपाटात ठेवतो. शिवाय निघण्यापूर्वी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे स्पंजमधले अमोनिया संपवणारे जिवाणूच मरतात.