कमल बस्तीचा जुना फोटो मगावर: रंग हिरवट येतोय, काय चुकतंय?

निपाणीकर
बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचा जुना तपकिरी फोटो 11 औंसाच्या पांढऱ्या मगावर घ्यायचा आहे, 40 नग. सब्लिमेशन (उष्णतेने वाफ होणाऱ्या शाईचा) प्रिंटर, मगाभोवती तापता पट्टा आवळणारा प्रेस 180 अंशांवर, 150 सेकंद. अडचणी तीन: तपकिरीऐवजी हिरवट छटा येते, कानाजवळ चित्र फिकं पडतं आणि खांबांवर बारीक जाळी दिसते. फोटो जुन्या पुस्तकाच्या पानावरून 300 डीपीआयने (इंचाला 300 बिंदू) स्कॅन केलाय. खाली ओळ टाकलीय, ‘कमल बस्ती, 1204’. काय बदलू?

शहापूर_छपाई
हिरवट येतंय म्हणजे बहुतेक उष्णता कमी पडतेय. शाईची वाफ होऊन ती मगाच्या पॉलिएस्टर थरात शिरायला हवी. तुमचा तपकिरी निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा यांच्या मिश्रणातून येतो. उष्णता अपुरी पडली की सगळे रंग सारखे उतरत नाहीत आणि छटा हिरवी होते. फार झाली की काळा तांबूस पडतो आणि बारीक रेघा पसरतात. म्हणून वेळ अंदाजाने वाढवू नका. दुय्यम प्रतीचे तीन मग घ्या, तापमान तेच ठेवून 150, 180 आणि 210 सेकंद द्या आणि तिन्ही शेजारी ठेवून बघा. फोटोच्या कडेला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या आठ पट्ट्या छापा. छटा कुठं घसरते ते पट्ट्यांवर लगेच कळतं.

थंड मग आत गेला की प्रेसचं तापमान उतरतं. ते परत 180 वर आल्यावरच सेकंद मोजा. व्होल्टेज कमी असलं की पडद्यावर आकडा बरोबर दिसूनही पट्टा तेवढा तापलेला नसतो, तेव्हा थर्मामीटर लावून एकदा खात्री करा. एवढं करूनही हिरवटपणा राहिला तर तुमच्या शाई-कागदाचा आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवून देणारी फाइल) लावलाय का बघा.

कानाजवळ पट्टा पोचतच नाही, तिथं काही करता येत नाही. 20 सेंमी रुंदीच्या छपाईत दोन्ही कडांना एक-एक सेंमी कोरा सोडा. वर-खालीही अर्धा सेंमी.

आणि पावसाळा आहे, हे विसरू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कागद नुसता उघडा ठेवला तरी ओल धरतो, मग शाई फुटते आणि कडेला धुरकट ठिपके येतात. रीम हवाबंद पिशवीत ठेवा. छापलेला कागद पाच मिनिटं सुकू द्या. चिकटवताना उष्णतारोधक टेप तिन्ही बाजूंनी ताणून लावा; कागद केसभर जरी सरकला तरी खांब दुहेरी दिसतात.

जुनी_पानं
जाळीचं कारण वेगळं आहे. पुस्तकातला फोटो ठिपक्यांनी छापलेला असतो. स्कॅनरचे आणि प्रिंटरचे बिंदू त्यावर चढले की जाळी उमटते. 600 डीपीआयला, स्कॅनरचा डीस्क्रीन (छापील ठिपके पुसणारा) पर्याय चालू करून स्कॅन करा, मग लहान करा. 20 बाय 9 सेंमीला 300 डीपीआयने साधारण 2362 बाय 1063 पिक्सेल लागतात. त्याहून लहान फाइल ताणून मोठी केली तर नक्षी मऊ पडते.

त्यापेक्षा मूळ शोधा की. जेम्स बर्जेस यांचा बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांवरचा पुरातत्त्व अहवाल 1874 साली निघाला, त्यात किल्ल्यातल्या जैन मंदिरांचा भाग आहे. एवढ्या जुन्या छायाचित्रावर हक्काची अडचण राहत नाही, पण स्कॅन ज्या संग्रहाकडून घ्याल त्यांच्या अटी वाचा.

पानाचा पिवळेपणा तसाच ठेवू नका. प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळं पिवळट पार्श्वभूमी मगावर मळकट दिसते. आधी करडा करा, सर्वांत उजळ भाग पांढरा होईपर्यंत लेव्हल्स (उजेड-काळोखाची पट्टी) ओढा आणि तपकिरी छटा शेवटी द्या.

ओळीत मात्र गल्लत आहे. 1204 हे देवळाचं साल, रट्ट राजघराण्याच्या काळातलं, फोटोचं नव्हे. ‘कमल बस्ती (बांधकाम 1204)’ असं लिहा, फोटोचं साल माहीत असेल तर वेगळं द्या. बघणाऱ्याला हे कळायलाच हवं.

खानापूर_माती
मग रोजच्या वापरातले असतील तर सब्लिमेशनचा थर घासणीने ओरखडतो. मऊ स्पंजनेच धुवा. कायम टिकायला हवं तर डेकल (मगावर चिकटवायचं छापील चित्र) आणि भट्टी. लोहयुक्त काळ्या टोनरच्या लेझर प्रिंटरवर वॉटरस्लाइड (पाण्यात भिजवून चित्र सरकवायचा) कागद छापा. ग्लेझ (मगावरचा काचेसारखा थर) मऊ होईल एवढ्या तापमानाला भाजलं की टोनरमधला काळा जळून जातो आणि मागं लोहाचा तपकिरी राहतो. जुन्या फोटोचीच छटा, वेगळा रंग द्यावा लागत नाही. टोनरमध्ये लोह नसेल तर भट्टीतून कोरा मग बाहेर येतो, म्हणून आधी तुकड्यावर बघा. किती तापवायचं ते तुमच्या ग्लेझवर. डेकलखाली बुडबुडा राहिला तर तिथं भोक पडतं. रबरी पट्टीने मधून कडेकडं पाणी काढा आणि रात्रभर सुकवा. चित्र बाहेरच्या बाजूलाच, ओठ लागतो त्या काठापासून खाली.

निपाणीकर
एक राहिलं. कमळाचं छत आणि दर्शनी बाजू असे दोन फोटो घेतले तर मांडणी कशी?

शहापूर_छपाई
एका नजरेत मगाचा सात-आठ सेंमी भागच सरळ दिसतो, बाकी वळतो. दोन्ही फोटो सहा-सहा सेंमी रुंद ठेवा, प्रत्येकाचा मध्य आपल्या बाजूच्या कडेपासून साडेचार सेंमीवर. ओळ दोघांच्या मधे, कानाच्या बरोबर समोर. छापण्याआधी चित्र मिरर (आरशातल्यासारखं उलटं) करायला विसरू नका, नाहीतर ‘बस्ती’ उलटी छापली जाईल.