‘रेझिस्टन्स’ला एकच मराठी शब्द पुरणार नाही

‘रेझिस्टन्स’ या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणायचं, या चर्चेत ‘रेझिस्टन्स म्हणजे प्रतिकार, विषय संपला’ असं एकाने म्हटलंय, ते मला पटत नाही. प्रतिकारात इच्छा असते. विजेला अडवणाऱ्या तारेला कसली इच्छा? म्हणून तिथे ‘रोध’, आणि तो ओहममध्ये मोजायचा.

आमच्या रत्नागिरीकडे घराखाली जांभा दगड. एप्रिल-मेमध्ये तो सुकला की अर्थिंगचा, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीचा, रोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असतोच, तरी आई तुळशीला पाणी घालून झालं की उरलेली कळशी तिथे ओतते. ओल धरली की वीज जमिनीत सहज उतरते.

आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांचं, म्हणजे रस शोषणाऱ्या किड्यांचं, वेगळंच. एकच औषध वर्षानुवर्षं फवारलं की त्यातून तगलेल्यांचीच वीण वाढते. फवारणी होऊनही त्यांनी पानांवर सोडलेला चिकटा हाताला लागतो. तेव्हा बागायतदार म्हणतो, “तुडतुडा दाद देत नाही.” यापेक्षा नेमका शब्दप्रयोग मला तरी माहीत नाही. अँटिबायोटिकचंही तेच, दाद देत नाहीत ते जंतू. ‘शरीराला औषधाची सवय झाली’ हा समज चुकीचा आहे, आणि तो शब्दांच्या घोळामुळे आणखी पसरतो. प्रतिकारशक्ती आपली, प्रतिरोध जंतूंचा, हा फरक जपायलाच हवा.

राहिला राजकीय अर्थ. ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ (निःशस्त्र प्रतिकार) हा शब्द गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतच अपुरा वाटला, म्हणून ‘सत्याग्रह’ घडला. 1930 साली मिठाच्या सत्याग्रहात कोकणातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर लोक उतरले, ते हाच शब्द घेऊन.